दात्याची पेशी आणि कोकणचा रुग्ण : मुंबईतील ल्युकेमिया-उपचारांचा ऐतिहासिक आढावा (१९३१ ते २०२५)

सारांश

उपचारांना दाद न देणाऱ्या ल्युकेमियावर दात्याच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्या रुग्णास देण्याच्या पद्धतीची चाचणी आज जगातील काही निवडक केंद्रांत सुरू आहे. भारतात, विशेषतः मुंबईत, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर आधारित कार-टी उपचार सिद्ध झाला आहे. या दोन्ही पद्धतींमागे मुंबईतील संस्थांची नव्वद वर्षांची वाटचाल आहे. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचे टप्पे नोंदवून, सिंधुदुर्गसारख्या मुंबईपासून दूर असलेल्या किनारी जिल्ह्याच्या दृष्टीने दात्याच्या पेशींचा प्रश्न का महत्त्वाचा आहे, याचा विचार केला आहे.

बीज शब्द : ल्युकेमिया, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, टी-पेशी, कार-टी, दाता, टाटा स्मारक रुग्णालय, सिंधुदुर्ग.

प्रस्तावना

मालवण परिसरात एखाद्या घरातील माणसाला ‘टाटाक नेलो’ असे कोणी सांगितले, की त्यापुढे रोगाचे नाव उच्चारण्याची गरज राहत नाही. एका रुग्णालयाचे नाव रोगाच्या नावाचा पर्याय म्हणून वापरले जावे, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. त्यामागे कोकण आणि मुंबई यांच्या संबंधांचा दीर्घ इतिहास आहे. रोजगारासाठी मुंबईस गेलेल्या कोकणी माणसाच्या इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. गिरणगाव, खानावळी, गणेशोत्सव, मनिऑर्डर यांची नोंद इतिहासकारांनी आणि साहित्यिकांनी घेतली आहे. परंतु उपचारासाठी मुंबईस गेलेल्या कोकणी माणसाच्या इतिहासाकडे त्या मानाने अल्प लक्ष गेले आहे.

ल्युकेमिया, म्हणजे रक्तातील श्वेतपेशींचा कर्करोग, हा या इतिहासाच्या अभ्यासासाठी एक विशेष उपयुक्त विषय होय. गाठ असलेल्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करता येते. रक्तातच पसरलेल्या रोगावर शस्त्र चालत नाही. त्यामुळे या रोगावरील उपचारांचा इतिहास हा प्रामुख्याने पेशींचा इतिहास आहे. कोणाच्या पेशी मारावयाच्या, कोणाच्या जगवावयाच्या आणि कोणाच्या उसन्या घ्यावयाच्या, या तीन प्रश्नांभोवती तो फिरतो. यांपैकी तिसरा प्रश्न, म्हणजे उसन्या पेशींचा प्रश्न, आज पुन्हा ऐरणीवर आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मुंबईतील ल्युकेमिया-उपचार व संशोधन यांच्या संस्थात्मक विकासाचे टप्पे नोंदविणे.
२. दात्याच्या पेशी या संकल्पनेत १९८३ नंतर झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३. या बदलांचा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुटुंबाच्या दृष्टीने अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संस्थांचा प्रकाशित इतिहास, वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले चाचण्यांचे निष्कर्ष, शासकीय निवेदने आणि जनगणनेची आकडेवारी या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. प्रस्तुत अभ्यासक इतिहासाचा अध्यापक असल्याने वैद्यकीय तपशील विषयाच्या आकलनास आवश्यक तेवढेच दिले आहेत.

विषय विवेचन

१. एका मृत्यूपासून एका संस्थेपर्यंत

१८४५ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ विरचॉव आणि स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले आणि १८४७ मध्ये विरचॉव यांनी त्यास ल्युकेमिया हे नाव दिले. तथापि पुढील जवळजवळ शंभर वर्षे हे नाव म्हणजे केवळ निदान होते. त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध नव्हता, मग रुग्ण कितीही संपन्न असो.

१८ जून १९३१ रोजी उत्तर वेल्समधील एका शुश्रूषागृहात लेडी मेहेरबाई टाटा यांचे ल्युकेमियाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. या न्यासाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग ल्युकेमिया व रक्तरोगांच्या आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. त्याच वर्षी ३ जून रोजी दोराबजींचेही निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

१९५७ मध्ये हे रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये त्याचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. अणुऊर्जा विभागाची धुरा त्या वेळी डॉ. होमी भाभा यांच्याकडे होती. मेहेरबाई टाटा या डॉ. भाभांच्या आत्या होत. घराण्यातील एक मृत्यू, त्यातून उभा राहिलेला न्यास आणि अखेरीस शासनाच्या एका वैज्ञानिक विभागाशी जोडले गेलेले रुग्णालय, असा हा प्रवास आहे. या जोडणीचा लाभ पुढे स्पष्ट झाला. उपचार आणि मूलभूत संशोधन एकाच छत्राखाली आल्याने प्रयोगशाळा व रुग्णशय्या यांमधील अंतर कमी झाले.

२. परळ आणि कोकण

रुग्णालयासाठी निवडलेले परळ हे ठिकाण कोकणच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा गिरण्यांचा पट्टा होता आणि गिरणी कामगारांचा फार मोठा वर्ग तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली चाळीतील खोली ही संस्था या पट्ट्यात सर्वत्र आढळे. पाळीनुसार झोपणाऱ्या कामगारांच्या या खोल्यांत गावाहून आलेला रुग्ण आणि त्याच्यासोबतचे माणूसही सामावून घेतले जाई.

म्हणजे मालवण वा देवगडच्या रुग्णास रुग्णालयाच्या दारापर्यंत नेणारी व्यवस्था ही शासनाने निर्माण केलेली नव्हती. ती नात्यागोत्यांनी आणि गावकीने निर्माण केली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी उत्तुंग इमारती आल्या आणि गावकऱ्यांच्या खोल्याही विरळ झाल्या. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांनी कर्करोगग्रस्तांच्या व त्यांच्या नातलगांच्या निवाऱ्याचा भार उचलला. परंतु गावची खोली जे देत असे, म्हणजे ओळखीची माणसे आणि घरची भाषा, त्यास पर्याय मिळाला असे म्हणता येत नाही. ल्युकेमियाचा उपचार काही आठवड्यांत संपत नाही, तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. म्हणून निवाऱ्याचा प्रश्न हा या उपचाराचाच एक भाग मानावा लागतो.

३. पेशी वाढविण्याची विद्या

शरीराबाहेर जिवंत पेशी वाढविणे, ही आजच्या पेशी-उपचारांची पहिली अट होय. ही विद्या मुंबईत कशी रुजली हे पाहणे उद्बोधक आहे. रोगविकृतिशास्त्राचे आद्य भारतीय अभ्यासक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे प्रमुख होते. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाशी जोडले जाते, ही बाब या जिल्ह्यातील वाचकास जिव्हाळ्याची वाटेल. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईतच डॉ. यशवंत भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुर्मिळ रक्तगटाचा शोध जगापुढे मांडला. एका माणसाचे रक्त दुसऱ्यास का चालत नाही, हा प्रश्न अशा रीतीने त्या काळी मुंबईच्या वैद्यकविश्वात चर्चिला जात होता.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या संशोधकांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रगण्य आहे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल समर्थ यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले. मानवी कर्करोगपेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्यात जगात प्रथम यश मिळाले ते याच गाय यांना, १९५१ मध्ये. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती भारतातील या प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान लाभला.

आज ज्यास आपण एकविसाव्या शतकाचे तंत्रज्ञान म्हणतो, त्याचा पाया असा विसाव्या शतकाच्या मध्यास घातला गेला होता. पेशी जिवंत ठेवणे, निर्जंतुक वातावरणात वाढविणे, मोजणे आणि ओळखणे ही कौशल्ये एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे हस्तांतरित व्हावी लागतात. ती आयात करता येत नाहीत.

४. दात्याचा प्रवेश

रक्ताचा कर्करोग औषधांनी आटोक्यात आणण्याचे प्रयत्न १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत सुरू झाले. मुंबईत १९८४ पासून, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने, लसीकापेशींच्या तीव्र ल्युकेमियावर ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती अवलंबिली गेली. मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांनी एकच पद्धत वापरल्याने प्रथमच भारतीय रुग्णांचे विश्वसनीय निष्कर्ष हाती आले व बरे होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले.

तरीही काही रुग्णांचा रोग औषधांना दाद देत नसे, किंवा बरा होऊन पुन्हा उलटे. अशा रुग्णांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मार्ग पुढे आला. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ पासून हे प्रयोग चालविले होते आणि त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्सचे झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पेशींवरील ओळखखुणांचा, म्हणजे ‘एचएलए’ प्रणालीचा, शोध लावल्याने दाता निवडण्याचे शास्त्र शक्य झाले. मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा स्मारक रुग्णालयात ल्युकेमियाग्रस्त बालिकेवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातील ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण होय. दाता होता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओ झाल्याने स्वतः चाकांच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या या डॉक्टरांनी भारतीय कर्करोगचिकित्सेत एक नवे युग सुरू केले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

येथे एक महत्त्वाचा वैचारिक बदल नोंदविला पाहिजे. आरंभी असे समजले जाई, की तीव्र औषधांनी रुग्णाची रोगट मज्जा नष्ट होते आणि दात्याची मज्जा केवळ रिकामी जागा भरून काढते. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील संशोधकांनी दाखविले, की दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर काही प्रमाणात हल्ला करतात, त्या रुग्णांत ल्युकेमिया कमी वेळा उलटतो. १९९० मध्ये जर्मनीत डॉ. हान्स-योखेम कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या रुग्णांना दात्याच्या श्वेतपेशी पुन्हा देऊन रोग मागे हटविला. याचा अर्थ असा, की दात्याची टी-पेशी ही स्वतःच एक औषध होती. मात्र तिला शत्रू आणि यजमान यांतील भेद पूर्णतः कळत नव्हता. ती ल्युकेमियाबरोबर रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडे यांवरही चाल करून जाई. दात्याच्या पेशीचे बळ राखावयाचे आणि तिचा आंधळेपणा दूर करावयाचा, हा पुढील संशोधनाचा गाभा ठरला.

५. स्वतःच्या पेशींना दिलेली नवी ओळख

१९८९ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार यांनी टी-पेशीवर बाहेरून तयार केलेला ग्राहक बसवून तिला ठरावीक लक्ष्य ओळखावयास लावले. यातून पुढे कार-टी ही पद्धत विकसित झाली. तिची कार्यपद्धती थोडक्यात अशी : रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालावयाचे, त्या प्रयोगशाळेत वाढवावयाच्या आणि पुन्हा रुग्णाच्या शिरेत सोडावयाच्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. कार्ल जून यांच्या गटाने २०१० मध्ये प्रौढांना आणि २०१२ मध्ये ल्युकेमियाग्रस्त बालिकेला हा उपचार दिला. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. त्या वेळी जाहीर झालेली केवळ औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर्स होती. भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ती बातमी आशेची कमी आणि विवशतेची अधिक होती.

या पार्श्वभूमीवर पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या कार्याचे मोल ध्यानात येते. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर यांच्यासारख्या तरुण संशोधकांनी या प्रयोगशाळेत मानवसदृश ग्राहक असलेली पेशी घडविली. तत्पूर्वीच्या पाश्चात्त्य औषधांत उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला अंश वापरला जाई. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आदी चिकित्सकांनी रुग्णांवरील चाचणीची जबाबदारी घेतली. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील केंद्राच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात पहिल्या रुग्णास ही मात्रा देण्यात आली. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय जैवऔषध अभियानातून चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ‘नेक्सकार १९’ या नावाने त्यास मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. त्याची किंमत साधारणतः चाळीस लाख रुपयांच्या आसपास असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, म्हणजे परदेशी औषधाच्या सुमारे एक दशांश.

या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण ६४ रुग्णांना मात्रा देण्यात आली. ज्यांचे मूल्यमापन शक्य झाले अशा ५१ रुग्णांपैकी ३७ जणांनी, म्हणजे ७३ टक्के रुग्णांनी, उपचारास प्रतिसाद दिला. याच अहवालात उपचाराशी निगडित दोन मृत्यूंचीही नोंद आहे आणि ल्युकेमियाच्या रुग्णांत रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा मध्यम कालावधी चार महिन्यांचा आढळला. गौरवाच्या भरात ही दुसरी बाजू झाकली जाऊ नये. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. अनेक रुग्णांत कार-टी ही प्रत्यारोपणापर्यंत पोहोचविणारी पायरी ठरते. म्हणजेच दात्याची गरज संपत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते.

६. दात्याच्या सुधारित पेशींची चाचणी

रुग्णाच्या स्वतःच्या पेशी घेण्यात तीन अडचणी आहेत. पहिली, वारंवार दिलेल्या तीव्र औषधांनी त्याच्या टी-पेशी संख्येने व गुणाने क्षीण झालेल्या असतात. दुसरी, टी-पेशींचाच ल्युकेमिया असल्यास निरोगी आणि रोगट पेशी वेगळ्या करणे कठीण जाते. तिसरी अडचण वेळेची आहे. पेशी घडवून परत येईपर्यंत काही आठवडे जातात आणि दाद न देणारा ल्युकेमिया तेवढा अवधी देईलच असे नाही. या तिन्ही अडचणींवर निरोगी दात्याची पेशी हे उत्तर सुचते.

याविषयी झालेल्या प्रमुख चाचण्या तीन प्रकारांत मांडता येतील. पहिल्या प्रकारात पूर्वीच्या प्रत्यारोपणातील दात्याच्याच पेशी वापरल्या जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या २० रुग्णांपैकी ८ जणांचा रोग मागे हटला आणि दात्याच्या पेशींनी रुग्णावर नव्याने तीव्र हल्ला केल्याचे एकाही रुग्णात आढळले नाही. दुसऱ्या प्रकारात नवा दाताही घेतला जातो. चीनमधील संशोधकांनी २०२१ मध्ये टी-पेशींच्या ल्युकेमियाच्या २० रुग्णांचा अहवाल दिला. काहींना पूर्वीच्या, तर काहींना नव्या दात्याच्या पेशी देण्यात आल्या व १८ जणांत रोगाची चिन्हे नाहीशी झाली. तिसऱ्या प्रकारात दाता हा रुग्णाचा कोणीही नसतो. त्याच्या पेशीतील परक्यास ओळखणारा भाग जनुकीय संपादनाने काढून टाकला जातो, जेणेकरून ती कोणाही रुग्णास चालावी. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०१५ मध्ये एका तान्ह्या मुलीला अशी पेशी प्रथम देण्यात आली. २०२२ मध्ये त्याच ठिकाणी अधिक सूक्ष्म संपादन केलेल्या पेशी टी-पेशींच्या ल्युकेमियासाठी वापरल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तीन मुलांच्या अहवालात एका मुलाचा बुरशीजन्य संसर्गाच्या गुंतागुंतीने मृत्यू झाल्याचे नमूद आहे.

हे आकडे लहान आहेत. वीस, तीन अशा संख्यांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे शास्त्रास मान्य नाही. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता पाहणे हा असतो. ती उपचाराची हमी नसते, हे रुग्णाच्या नातलगांस त्यांच्या भाषेत समजावून सांगणे ही नैतिक जबाबदारी होय. भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळालेले मुंबईचे आणि २०२५ मध्ये उपलब्ध झालेले बंगळूरुचे, अशी दोन्ही कार-टी औषधे रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर आधारित आहेत. तथापि येथे ‘स्वतःच्या’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. ज्याचे पूर्वी प्रत्यारोपण झाले आहे, त्याच्या शरीरातून काढलेली टी-पेशी ही वस्तुतः भावाची वा बहिणीची असते. १९८३ साली सुरू झालेला दात्याचा प्रवास अशा रीतीने नव्या तंत्रातही चालूच राहतो.

७. सिंधुदुर्गच्या दृष्टीने

भावंडांपैकी कोणा एकाच्या पेशी रुग्णाशी पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक असते. हा आनुवंशिकतेचा साधा नियम आहे. यावरून पुढील गणित मांडता येते. रुग्णास पाच भावंडे असल्यास त्यांपैकी निदान एक जुळण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के असते. तीन असल्यास ५८ टक्के, दोन असल्यास ४४ टक्के आणि एकच असल्यास केवळ २५ टक्के. १९८३ च्या काळातील कोकणी कुटुंबात चार-पाच भावंडे ही सामान्य गोष्ट होती. आज घरटी एक किंवा दोन मुले दिसतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ इतकी झाली. लोकसंख्या घटलेल्या या जिल्ह्यात कुटुंबे लहान झाली आहेत आणि तरुण भावंडे मुंबई, पुणे, गोवा किंवा आखाती देशांत विखुरलेली आहेत. लहान कुटुंब ही सामाजिक प्रगतीची खूण मानली जाते आणि ती तशी आहेही. परंतु त्याच प्रगतीने रक्ताच्या नात्यातील दाता दुर्मिळ केला, ही बाब आरोग्य-इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. अर्धे जुळणारे आईवडील वा अपत्य, नोंदणीकृत परका दाता आणि अखेरीस संपादित पेशी, ही सर्व उत्तरे याच पोकळीतून निर्माण झाली आहेत.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे. मालवणहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. एकेकाळी बंदरातून सुटणारी बोट, नंतर एस.टी., २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपी विमानतळ, अशी साधने बदलत गेली. दक्षिण सिंधुदुर्गातील रुग्ण आजही प्रथम गोव्यातील बांबोळीचा रस्ता धरतो. परंतु कार-टीसारखा उपचार घेणाऱ्या रुग्णास मात्रा दिल्यानंतरही काही आठवडे केंद्राजवळ राहावे लागते, कारण तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, मेंदूवर परिणाम, जंतुसंसर्ग अशा गुंतागुंती अकस्मात उद्भवतात. येथे रेल्वेचा वेग कामी येत नाही, निवारा कामी येतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. चाळीस लाखांच्या उपचारापुढे ही रक्कम अपुरी आहे, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही. आंबा-काजूच्या बागेवर किंवा मासेमारीच्या एका हंगामावर जगणाऱ्या कुटुंबास एक दशांश किंमतही आवाक्याबाहेरची आहे. एका निरोगी दात्याच्या पेशींपासून अनेक रुग्णांसाठी मात्रा तयार करून त्या गोठवून ठेवता आल्यास खर्च आणि प्रतीक्षा दोन्ही कमी होतील, अशी अपेक्षा आहे. म्हणून दात्याच्या सुधारित पेशींची चाचणी हा केवळ महानगरातील प्रयोगशाळेचा विषय नाही. वेळ आणि पैसा या दोहोंत मागे असलेल्या जिल्ह्याचा तो अधिक जवळचा विषय आहे.

निष्कर्ष

१. मुंबईतील कार-टी उपचार हे अचानक घडलेले यश नसून, १९३२ चा न्यास, १९४१ चे रुग्णालय, १९५२ चे संशोधन केंद्र, त्यानंतर उभी राहिलेली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा आणि १९८३ चे प्रत्यारोपण या क्रमाने झालेल्या संस्थात्मक बांधणीचे फलित आहे.

२. ल्युकेमिया-उपचारात दात्याचे स्थान बदलत गेले आहे. रिकामी जागा भरणारा, नंतर रोगाशी लढणारा आणि आता हेतुपूर्वक घडविलेल्या पेशींचा पुरवठा करणारा, असे दात्याच्या भूमिकेचे तीन टप्पे दिसतात.

३. दात्याच्या सुधारित पेशींच्या चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक असले तरी रुग्णसंख्या अल्प आहे आणि धोके वास्तव आहेत. त्यांचे वर्णन चमत्कार म्हणून करणे रुग्णाच्या हिताचे नाही.

४. कुटुंबाचा आकार घटल्याने नात्यातील दाता मिळणे अवघड झाले आहे. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात दाता-नोंदणीविषयी जागृती करण्यात महाविद्यालयांना, विशेषतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागांना, मोठा वाव आहे. रक्तदान शिबिरांची परंपरा आपल्याकडे आहेच, तिला ही जोड देता येईल.

५. गिरणगावातील गावकऱ्यांची खोली ही आरोग्यव्यवस्थेचा अलिखित भाग होती. तिचे स्थान घेणारी निवासव्यवस्था उभी राहिल्याशिवाय अत्याधुनिक उपचार दूरच्या जिल्ह्यास खऱ्या अर्थाने उपलब्ध झाला, असे म्हणता येणार नाही.

लेडी मेहेरबाई टाटा यांच्यापाशी साधनांची उणीव नव्हती, उणीव होती ती उपचाराची. आज मालवणच्या रुग्णाबाबत परिस्थिती नेमकी उलट आहे. उपचार पाचशे किलोमीटरवर उपलब्ध आहे, परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याची साधने नाहीत. पहिली उणीव दूर करण्यास विज्ञानाला नव्वद वर्षे लागली. दुसरी दूर करणे हे समाजाचे व शासनाचे काम आहे आणि त्यास तेवढा अवधी लागू नये, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.